‘पृथ्वीची फुप्फुसे’ : एका रूपकाची तपासणी

ॲमेझॉनच्या अरण्याला ‘पृथ्वीची फुप्फुसे’ म्हणण्याचा प्रघात इतका रुळला आहे की, ते रूपक आहे याचाच विसर पडावा. निबंध, अग्रलेख, वक्तृत्वस्पर्धा, सर्वत्र ते आढळते. रूपकांची चिकित्सा शिकवणाऱ्या आम्हां अध्यापकांनी तरी ते तपासून घ्यायला हवे.

पहिला दोष उघड आहे. फुप्फुसे प्राणवायू घेतात आणि कर्बवायू सोडतात. उन्हातले पान नेमके उलटे वागते. पण तेच झाड अहोरात्र श्वसनही करते आणि पालापाचोळा कुजताना मातीतले सूक्ष्मजीव कर्बवायू पुन्हा हवेत सोडतात. त्यामुळे जुन्या अरण्यात निर्माण होणारा प्राणवायू बहुतांशी तिथेच खर्ची पडतो. अरण्याचे मोल आहे ते खोडांत आणि मातीत साठलेल्या कर्बामुळे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. फुप्फुसांचे काम आजन्म ठरलेले असते. अरण्याचे तसे नाही. लुसियाना गात्ती आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात विमानांतून ॲमेझॉनवरील हवेचे नमुने घेतले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, या अरण्याचा आग्नेय भाग शोषतो त्याहून अधिक कर्बवायू सोडतो. जंगलतोड, वणवे आणि अधिकाधिक तापणारा कोरडा ऋतू ही त्याची कारणे. मिथेनचा व्यवहार तर आणखी गुंतागुंतीचा : पूरक्षेत्रातली झाडे चिखलातला मिथेन खोडावाटे हवेत सोडतात, तर कोरड्या जमिनीवरच्या झाडांच्या सालीतले सूक्ष्मजीव तो हवेतून शोषतात, असे २०२४ मधील संशोधन सांगते.

रूपकाकडून शास्त्रीय काटेकोरपणाची अपेक्षा का करावी, असा आक्षेप येईल. शिवाय याच रूपकाने अनेकांना अरण्याविषयी आस्था वाटू लागली, हेही आम्ही नाकारत नाही. पण रूपक विचाराला दिशा देते, आणि ही दिशा आम्हांला घातक वाटते. अरण्य केवळ देतच राहते, या समजुतीत आपला धूर ते निमूटपणे गिळत राहील हे गृहीत धरलेले असते. मग जुने अरण्य तोडून अन्यत्र रोपांच्या रांगा लावल्या की भरपाई झाली, असे वाटू लागते. शतकांची साठवण रोपांना काही वर्षांत करता येत नाही.

वर्गात हे रूपक पुन्हा येईल, तेव्हा विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ सांगून आपण थांबू नये. ते काय झाकते, हेही विचारावे.