अब्बांचे दोस्त

आईच्या थोरवीवर आपण भरभरून बोलतो. वडिलांचा विषय निघाला की दोन वाक्यांत आटोपतो. खरे तर हदीसमध्ये वडिलांना जन्नतचा मधला दरवाजा म्हटले आहे. कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहच्या इबादतीपाठोपाठ लगेच आईवडिलांशी भलेपणाने वागण्याचा हुकूम येतो.

तेलंगणातल्या या निर्मल जिल्ह्यातले कितीतरी बाप दुबई-सौदीत राबले. पैसा दरमहा आला, माणूस दोन-तीन वर्षांनी. तो कायमचा परततो तेव्हा गुडघे गेलेले असतात आणि मुलांना त्याची सवय उरलेली नसते. 2007 च्या कायद्याने आईवडिलांना पोटगी मागता येते, पण बापाशी चार शब्द बोलायला मुलाला कुठला कायदा लावणार?

वडिलांशी नाते कसे जपावे, याचा एक प्रसंग हदीसमध्ये आहे. पैगंबरांचे सहाबी आणि खलिफा हजरत उमर यांचे पुत्र हजरत अब्दुल्ला इब्न उमर मक्केच्या वाटेवर होते. एक बद्दू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, भेटला. त्यांनी सलाम केला, बसायचे गाढव त्याला दिले, डोक्यावरची पगडीही दिली. सोबती म्हणाले, ही साधी माणसे, थोडक्यातही खूश होतात; एवढे कशाला? उत्तर आले : याचे वडील माझ्या वडिलांचे मित्र होते.

वडील हयात नसले तरी त्यांची दोस्ती सांभाळणे हीही त्यांची सेवाच, असे इस्लाम मानतो. मला हा भाग सगळ्यांत मोठा वाटतो. वाचकहो, येत्या जुम्म्याला नमाजनंतर अब्बांच्या एखाद्या जुन्या सोबत्याच्या घरी जाऊन या.