वखारीच्या राखणदाराचे खाद्य

गव्हाचा नमुना तळहातावर घेऊन, दाणा दाताखाली फोडून पाहिल्यावाचून आम्ही कधी सौदा केला नाही. परंतु वखारीच्या थोराड कुत्र्याचे कोरडे खाद्य मात्र पिशवीवरील चित्र पाहून घेतले! पिल्लाची हाडे बळकट व्हावीत म्हणून वरून कॅल्शियमची भुकटीही घातली. त्याचे पुढचे पाय वाकले. मोठ्या जातीच्या पिल्लास जादा कॅल्शियम अपायकारक. ओल वजा जाता खाद्यात ते १.८ टक्क्यांहून अधिक नसावे, हे पशुवैद्यांनी मागाहून सांगितले. बंधूंनो, पिशवीमागील मजकूर हुंडीप्रमाणे वाचावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. आपल्या घरांत मांसाची अडचण येते. मांजरास नव्हे, परंतु पूर्ण वाढलेल्या कुत्र्यास समतोल शाकाहारी खाद्य मानवते. ते खुशाल निवडावे. पिशवी फोडताच हुंगावी. खवट तेल ओळखण्यास आपल्या नाकाला कोणी शिकवावयास नको.