रुंद रस्ता, अरुंद पूल

अफझलगंजहून चारमिनारकडे जाताना नयापूल तुंबला, की अलीकडचा रस्ता कितीही रुंद असो, मुसी ओलांडण्याचा वेग पूलच ठरवितो. खेळांसाठी संगणक मागणारी मुले ज्या ‘बॉटलनेक’ची धास्ती घालतात, तो प्रकार हाच. प्रोसेसर खेळातील हालचालींचा हिशेब करून चित्राची आज्ञा देतो. ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगविते. दोहोंपैकी जो मंद, त्याच्याच गतीने खेळ चालतो.

मात्र एक भाग मागे राहणारच. सर्वस्वी समतोल संगणक मिळणे दुर्मीळ. पाहावयाचे ते एवढेच, की त्याने खेळ अडतो का? ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. मंद भागही सातत्याने ९० चित्रे पुरवीत असेल, तर बहुतेक घरांनी निश्चिंत असावे.

खेळ अडखळत असेल, तर व्ही-सिंक बंद करून रिझोल्यूशन उतरवावे. ३८४० × २१६० च्या चित्रात ८२,९४,४०० बिंदू असतात. १९२० × १०८० मध्ये त्याच्या चौथाई. बिंदू घटताच गती वाढली, तर भार कार्डावर होता. न वाढल्यास बहुधा प्रोसेसर अपुरा आहे. तेव्हा महागडे कार्ड आणणे म्हणजे पूल तसाच ठेवून रस्ता रुंदावणे होय.

या परीक्षेला पैसा लागत नाही. मुलाला शेजारी बसवून ती आधी करावी. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरची पायरी मग चढावी. हट्ट पुरविण्यास हरकत नाही. पैसा मात्र अडचणीच्या जागीच पडावा.