कवच भीक मागून का घेतले?

सेलूत बी. ए.च्या वर्गात कर्ण शिकवीत होतो. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कवच होतं तर त्यावर चालेल असं शस्त्र शोधायचं. इंद्रानं भीक मागून का घेतलं?" वर्ग हसला. मुलगा 'एज ऑफ एम्पायर्स' खेळणारा आहे, हे नंतर कळले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

1999 साली आलेल्या त्या खेळाच्या दुसऱ्या भागात चिलखत म्हणजे वजाबाकी. माऱ्याच्या आकड्यातून चिलखताचा आकडा वजा होतो. कितीही वजा झाला तरी निदान 1 इजा होतेच. चिलखती स्वार उभा करायला 60 अन्न आणि 75 सोने खर्ची पडते. भालाईताला 35 अन्न आणि 25 लाकूड पुरते. या भालाईताचा मूळ मारा अवघा 3, पण घोडेस्वारापुढे त्यात 15 ची भर पडते. महागड्या चिलखतावर स्वस्त भाला! गनिमी काव्याच्या मुलखातल्या पोराला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आमचे काही सहकारी अशा खेळांना वाचनाचे मारेकरी समजतात. मला तसे वाटत नाही. चिलखतापुढे थांबून 'हे भेदणार कसे' असे विचारणारा वाचक हा निम्मा समीक्षकच असतो. उरलेला निम्मा भाग मात्र खेळात नाही. कर्णाला सूर्याने आधीच सावध केले होते. मागणारा कोण, हे ठाऊक असूनही त्याने कवच अंगावरून सोलून दिले. फट कवचात नव्हती, दानाच्या व्रतात होती. बदल्यात मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणारी, तीही घटोत्कचावर खर्ची पडली. "सौदा वाईट झाला," असे तो मुलगा म्हणाला. जगण्याच्या हिशेबात वाईटच. पण कर्णाचा हिशेब कीर्तीचा होता, आणि तो मांडायला खेळात रकानाच नाही.

दुसरी उणीवही अशीच. खेळात शत्रूच्या सैनिकावर क्लिक केले की त्याचे चिलखत आकड्यात दिसते. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली ते दिसत नव्हते, आणि सगळे त्यावरच अवलंबून होते. सभासदाच्या बखरीत खानाचा वार कुडत्यावरून निसटतो, महाराजांच्या अंगाला लागत नाही.

ती बखर आता त्या मुलाच्या हाती दिली आहे. त्याचा पहिला प्रश्न आलाही: "सर, कुडत्याचं खानाला कळलं केव्हा?"