रस्ता रुंद हवा की खाडीवर पूल?

गेल्या महिन्यात बडोद्याहून पुतण्याचा फोन आला. "काका, गावाकडून फोटो आलेत. रस्त्याकडेच्या माडांवर लाल रंगाने आकडे टाकलेत. आपल्या गडग्यावरसुद्धा." मग जरा थांबून म्हणाला, "पण रस्ता रुंद झाला तर चांगलंच ना? गणपतीला जाताना किती वेळ जातो!"

प्रश्न रास्त आहे. वेळ जातो हे खरे, पण तो नेमका कुठे जातो ते आधी पाहू.

रायगडातल्या रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळच्या रेडीपर्यंत सागरी महामार्ग करायचा, ही कल्पना 1980 च्या दशकातली, बॅ. अंतुले यांचे नाव तिच्याशी जोडलेले आहे. लांबी सुमारे 500 किलोमीटर. नकाशात किनारा सरळ दिसतो, पण वाटेत धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्या आडव्या येतात. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की पलीकडचे धोपावे समोर दिसते. तरीही गाडी घेऊन जायचे तर फेरीबोटीची वाट पाहा, नाहीतर चिपळूणवरून वळसा घाला. रात्री शेवटची बोट गेल्यावर कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर तो वळसा चुकत नाही. गोव्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. तेरेखोल गोव्याचेच, पण केरीहून तिथे जायला फेरी लागते.

म्हणजे वाडीतला रस्ता रुंद करून वाचतील ती मिनिटे. तास वाचतील ते खाडीवरच्या पुलाने.

आणि ती मिनिटे फुकट मिळत नाहीत. किनाऱ्यावरच्या गावांची मांडणी आठवून बघा. समुद्र, पुळण, मग माड-पोफळीच्या बागा, त्यांना लागून घरे, त्यांच्यामधून रस्ता आणि पाठीला डोंगर. इथे मोकळी जागाच नाही. रस्ता दोन मीटर वाढला तर कुणाची पडवी जाते, कुणाची विहीर. पोफळ लावल्यावर सुपारी हाती यायला पाच-सात वर्षे लागतात. भरपाईचा धनादेश एका दिवसात खात्यात जमा होतो आणि संपतोही.

म्हणून "रुंदीकरण नको" एवढेच म्हणून थांबू नये. नुसता नकार दिला की आपण विकासाच्या आड येतो असे म्हणायला लोक मोकळे होतात. "आधी पूल द्या" ही मागणी आहे, आणि तिच्यावर बोलावेच लागते.

मात्र पूल मागतानाही डोळे उघडे हवेत. पूल झाला की वाहने वाढणार, आणि ती सारी त्याच अरुंद रस्त्यावर आली तर चार वर्षांनी पुन्हा रुंदीकरण दारात उभे. तेव्हा पुलाबरोबर गावाबाहेरून जाणारा वळणरस्ताही मागायला हवा. खाडीत कांदळवन आहे, होड्या आहेत. म्हणून आराखडा कागदावर असतानाच मच्छीमारांना विचारायला हवे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर वरळीच्या कोळ्यांनी होड्यांसाठी दोन खांबांतले अंतर वाढवून मागितले. आधी ते 60 मीटर होते. 2022 च्या डिसेंबरात सरकारने 120 मीटर मान्य केले. आणि पूल बांधून झाला म्हणजे सगळे झाले असेही नाही. पणजीचा मांडवी पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला आणि लोक पुन्हा फेरीबोटीवर आले. देखभालीचे आतापासूनच विचारून ठेवावे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही इंदूरला, बेळगावला बसून काय करणार? बरेच काही. गावच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून तुमच्या आजोबा-पणजोबांचे नाव असेल, तर सूचना त्यांच्या नावाने निघते. ते हयात नाहीत, तुम्हाला कळत नाही आणि मुदत संपते. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचनेनंतर लेखी हरकतीला 60 दिवस मिळतात, आणि सार्वजनिक हेतूबद्दलही हरकत घेता येते. राष्ट्रीय महामार्ग असेल तर 21 दिवसच. म्हणून सातबारा आजच ऑनलाइन पाहा, वारसनोंद करून घ्या. आखणीचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. साधारण 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. ग्रामसभेत ठराव होणार असेल तर तुमच्या घरातले कुणीतरी तिथे जाऊ द्या.

पुतण्याने सातबारा काढला. त्यावर अजून माझ्या आजोबांचे नाव होते. मग बडोदा, ग्वाल्हेर आणि गाव अशा तीन ठिकाणच्या भावंडांनी मिळून वारसनोंदीचा अर्ज केला. दहा वर्षे लग्नकार्यापलीकडे न बोललेली मंडळी त्या निमित्ताने रोज फोनवर आहेत. हरकतीचा मसुदा पुतण्यानेच लिहिला. पहिलेच वाक्य आहे : "आम्हाला रस्ता हवा आहे, पण आधी खाडीवर पूल हवा."

माडांवरचे आकडे अजून तसेच आहेत. पण आता त्यांच्यासमोर आमचाही कागद आहे.