मेहेर, सोनं आणि सातबारा

गेल्या महिन्यात खडकवासल्याहून एका ओळखीच्या घरून आम्हांला बोलावणं आलं. मुलगी आणि जावई वेगळं व्हायचं ठरवून बसलेले, आणि दोन्हीकडचे वडीलधारे समेट घडवता घडवता थकलेले. आरडाओरडा नव्हता, हे विशेष. मुलीचे अब्बा म्हणाले, "सगळं गोडीनं ठरलंय. फ्लॅट, दोन गुंठ्यांचा प्लॉट आणि दागिने तिला. आता फक्त सही राहिलीय."

सही पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर व्हायची होती. पहिली ओळ अशी: मी माझा मेहेर आणि सर्व हक्क राजीखुशीनं माफ करते. फ्लॅट आणि प्लॉट त्याच्या खाली, तेही "पुढे नावावर करून दिले जातील" अशा शब्दांत. म्हणजे तिनं सोडायचं ते आज आणि तिला मिळायचं ते पुढे कधीतरी!

आम्ही फ्लॅटची चौकशी केली. कर्ज दोघांच्या नावावर, अजून बरंच बाकी. नवराबायकोनं आपसांत काहीही लिहून ठेवलं तरी बँकेला ते बांधील नसतं. हप्ता थकला की बँक दोघांनाही धरते. प्लॉटची गोष्ट याहून वाईट. 2021 मध्ये खडकवासला, किरकटवाडी, नांदेड ही गावं पुणे महापालिकेत आली, तरी गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जमिनींचे कागद जिथल्या तिथे आहेत. या प्लॉटच्या सातबाऱ्यावर जावयाचं नावच नव्हतं. जे त्याच्या नावावर नाही, ते तो तिला देणार कसं?

आपल्या वैयक्तिक कायद्यात लग्नामुळे संपत्ती दोघांची सामायिक होत नाही. ज्याच्या नावावर, त्याची. पंधरा वर्षं पगारातून घराचे हप्ते भरलेल्या बाईकडे बँकेचे उतारे नसतील, तर ते भरल्याचं तिनं सिद्ध करायचं कशाच्या आधारावर?

म्हणून मेहेरची माफी इतकी सहज लिहून देऊ नये. मेहेर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे. खुल्यात ते सोडण्याची रीत आहे, मान्य. पण किती सोडायचं हे बोलणीत ठरतं, छापील मजकुरात नव्हे. शिवाय 1986 च्या कायद्यातलं कलम 3 मेहेरपलीकडे जातं: इद्दतीच्या मुदतीत घटस्फोटितेसाठी वाजवी आणि न्याय्य तरतूद करणं नवऱ्यावर बंधनकारक आहे. ही तरतूद फक्त इद्दतीपुरती नसून तिच्या पुढच्या आयुष्यासाठी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये दानियल लतीफी खटल्यात सांगितलं. कागदातले "सर्व हक्क" हे दोन शब्द पुढे वकिलांना वर्षानुवर्षं पुरतात.

चिपळूणच्या एका भगिनीची गोष्ट इथे सांगायला हवी. 2008 मध्ये तिला पोस्टानं तलाक आला. 2014 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी 4 लाख 32 हजार रुपये मंजूर केले, आणि 2017 मध्ये खेडच्या सत्र न्यायालयानं ते 9 लाखांवर नेले. मधल्या काळात तिचं दुसरं लग्न झालं, म्हणून आता देणं लागत नाही, असं पहिल्या नवऱ्याचं म्हणणं. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. या कलमात पुनर्विवाहाची अट नाही. हक्क तिला मिळाला खरा, पण सोळा वर्षं गेली. घरात बसून ठरवता आलं असतं तर!

दागिन्यांचंही असंच. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर माहेरच्यांनी, सासरच्यांनी, मित्रमंडळींनी तिला दिलेल्या वस्तू तिच्याच, हे त्याच कलमात आहे. डिसेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंगालमधल्या एका घटस्फोटितेच्या बाजूनं निकाल दिला. तिची मागणी लग्नात दिलेल्या सात लाख रुपयांची आणि तीस भरी सोन्याची होती, आणि निकाहच्या नोंदवहीतली नोंद तिच्या कामी आली. आपल्याकडे काझीसाहेबांच्या वहीत सोन्याचा रकाना कोण नीट भरून घेतो? लग्नात बिर्याणीच्या देगांचा हिशोब मात्र चोख असतो.

आणखी एक, कारण यात लाखांचा फरक पडतो. महाराष्ट्रात नवऱ्यानं बायकोला राहतं घर मोबदला न घेता बक्षीसपत्रानं दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. ही सवलत नातं आहे तोवरच. तलाक झाल्यावर तेच घर द्यायचं तर पूर्ण शुल्क. तेव्हा देणं खरोखर बक्षीस आहे की सोडलेल्या हक्काचा मोबदला, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावं. तोंडी हिबा चालतो, पण ताबा दिल्याचा पुरावा नसेल तर भांडण ठरलेलं.

जावईही यात बुडू शकतो, बरं का. रोख दिलेल्या रकमेची पावती नाही, विम्यावर आणि भविष्यनिर्वाह निधीवर नामांकन जुनंच. त्याचे कागद आम्ही वेगळे करून ठेवायला सांगितले.

त्या दिवशी सही झाली नाही. अब्बा सातबाऱ्याच्या मूळ मालकाला गाठायला गेले. मुलगी आणि अम्मी दागिन्यांची यादी करायला बसल्या, आणि दोन पाटल्या कुणी दिल्या होत्या यावर अडल्या.