आधी कोडी, मग सॉफ्टवेअर

अमेरिकेतला प्रोग्रामर विल क्राउदर फावल्या वेळात केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत उतरायचा. त्याने आणि पत्नी पॅट्रिशियाने तिथल्या भुयारांची मापं घेतली, नकाशे केले. १९७५-७६च्या सुमारास त्याने त्याच गुहेवर आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला, तोही फोरट्रानमध्ये, कारण नोकरीच्या जागी असलेल्या पीडीपी-१० संगणकावर ती भाषा हाताशी होती. ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ या त्या खेळापासून साहसखेळांची सगळी परंपरा सुरू झाली. त्यात नकाशा आधी होता, साधन नंतर आलं.

आज खेळ बनवायला निघालेल्या तरुणांचा पहिला प्रश्न मात्र ‘युनिटी शिकू की अनरियल?’, म्हणजे कुठलं गेम इंजिन घ्यावं, हा असतो. नोकरीच्या दृष्टीने तो रास्तही आहे. पण साहसखेळ, म्हणजे गोष्ट, वस्तू आणि कोडी यांवर चालणारा खेळ, करायचा असेल तर या प्रश्नाने सुरुवात केली की महिनाभराने हातात चालणारं, उड्या मारणारं पात्र असतं आणि खेळाचा पत्ता नसतो.

रॉन गिल्बर्ट आणि लुकासफिल्म गेम्समधले त्याचे सहकारी कोड्यांचा आराखडा आधी कागदावर मांडत, आणि तोही शेवटाकडून मागे येत. समजा, वाड्यातलं तळघर उघडायचं आहे. कुलपाची किल्ली विहिरीत पडली आहे. ती काढायला गळ हवा. गळ शेजारच्या काकूंकडे आहे आणि हरवलेलं मांजर आणून दिल्याशिवाय त्या तो देणार नाहीत. एवढंच असेल तर आराखड्यात एक सरळ रेघ उमटते. मांजर सापडलं नाही की खेळणारा तिथेच अडकतो आणि खेळ बंद करतो. म्हणून दुसरी वाट काढायची: तळघरात अंधार आहे, कंदील लागेल, कंदिलाची काच माळ्यावर आहे, रॉकेल दुकानदाराकडे. आता मांजर सापडत नसेल तर कंदिलाच्या मागे लागता येतं. दोन्ही वाटा तळघराच्या दारात एकत्र येतात. आराखडा किती रुंद आहे आणि कुठे निमुळता होतो, हे नुसतं पाहून खेळ कुठे रटाळ होईल ते कळतं. यासाठी पेन्सिल पुरते. फार तर चौकोन आणि बाण काढता येणारं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर.

गिल्बर्टचा ‘मॅनिॲक मॅन्शन’ १९८७ साली आला. तो थेट यंत्राच्या भाषेत लिहीत बसणं आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून स्कम (SCUMM) हे साधन घडवलं गेलं. त्या नावातला शेवटचा ‘एमएम’ म्हणजे हाच खेळ. एका खेळाच्या गरजेतून निघालेल्या त्या साधनावर पुढची दहा वर्षं ‘मंकी आयलंड’सारखे खेळ उभे राहिले.

कागदावरचा आराखडा तयार झाला की साधनाची निवड बरीच सोपी होते. गोष्टीला फाटे फुटतात, वाचक पर्याय निवडतो, एवढंच हवं असेल तर ट्वाईन उत्तम. ख्रिस क्लिमासने २००९ साली आणलेलं हे साधन मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं. नेटफ्लिक्सच्या ‘बँडरस्नॅच’ची वळणं चार्ली ब्रूकरने त्यातच मांडली होती. पण पिशवीतल्या वस्तू कुठेही वापरता याव्यात असं ठरलं, की ट्वाईनच्या चौकटी आणि बाणांचा गुंता होतो. तिथे ते चुकीचं साधन आहे. संवाद भरपूर असतील तर इंक घ्यावं. ज्यूल व्हर्नच्या कथेवरचा ‘एटी डेज’ (२०१४) इंकल या ब्रिटिश संस्थेने त्यात लिहिला आणि २०१६ मध्ये ते सर्वांना खुलं केलं. ‘डिस्को एलिझियम’चा दहा लाखांहून अधिक शब्दांचा पसारा आर्टिसी ड्राफ्टमध्ये सांभाळला गेला, एवढं अवजड साधन एकट्यादुकट्याला नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) अनरियलवर झाला तो योग्यच, कारण त्यात त्रिमिती जग आणि लढाई आहे. वाड्यातल्या किल्लीच्या गोष्टीला तेवढा लवाजमा कशाला?

इंकचा आणखी एक गुण महत्त्वाचा: त्यातलं लिखाण साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतं. साधनं बुडतात किंवा त्यांचे मालक नियम बदलतात. चेक कलाकारांनी ‘मशिनारियम’ ज्या फ्लॅशमध्ये केला, त्याचा आधार २०२०च्या अखेरीस संपला. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं आणि छोट्या निर्मात्यांची झोप उडाली. वर्षभराने ते मागे घेतलं गेलं, पण तोवर अनेकजण गोडो या मुक्त इंजिनाकडे वळले होते. मजकूर आणि आराखडा स्वतःपाशी वेगळा असेल तर अशा वेळी घर बदलता येतं.

मराठीत खेळ करणाऱ्यांसाठी सर्वांत मोठी कसोटी याहून वेगळी आहे. रोमन लिपीसाठी घडलेल्या कित्येक इंजिनांना देवनागरी नीट जुळवता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं दिसतात. युनिटीतल्या टेक्स्टमेश प्रोने हा त्रास अनेक वर्षं दिला आहे. ट्वाईन ब्राउझरवर विसंबून असल्याने तिथे अडचण येत नाही. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे २०२३ पासून, अक्षरजुळणीसाठी हार्फबझ ही प्रणाली आहे आणि देवनागरी व्यवस्थित उमटते. पाच-सहा महिने खपून लिहिलेले संवाद पडद्यावर मोडके दिसले तर दोष लेखकाचा नसतो, पण खेळ त्याचाच फुकट जातो.

म्हणून कुठलंही साधन पक्कं करण्याआधी त्यात एक वाक्य टंकून पाहावं: ‘दुसऱ्या खोलीत किल्ली मिळाली’. ‘र’चं अर्धचंद्री रूप, वेलांटी आणि जोडाक्षर तिन्ही त्यात आहेत. ते फोनवर आणि संगणकावर नीट दिसलं तरच पुढे जावं. पहिला खेळ गोष्टीचा असेल तर ट्वाईन, खोल्या-वस्तूंचा असेल तर गोडो. आणि दोन्हींच्या आधी कोड्यांचा कागद.